थोरल्या काकांचे कान आणि कायद्याची रेघ

गेल्या गणेशचतुर्थीस आम्ही गडहिंग्लजला घरी गेलो, तेव्हा थोरले काका ओसरीवर एकटेच बसलेले दिसले. ह्यात सांगण्यासारखे ते काय, असे कोणी म्हणेल. पण ज्यांनी आमचे काका पाहिले आहेत त्यांस नवल वाटल्यावाचून राहणार नाही. चाळीस वर्षे शाळेत गणित शिकविलेला हा गृहस्थ. माणसांवाचून त्यांना कधी करमले नाही. मिरचीच्या सौद्याला आलेला शेतकरी असो, हिरण्यकेशीवरून परतणारा कोणी स्नानार्थी असो, की चेंडू काखेत मारून मैदानाकडे निघालेली गावची फुटबॉलवेडी पोरे असोत, ओसरीवरून माणूस गेला आणि काकांनी त्यास हटकले नाही असे होत नसे. ते काका आम्हांस पाहून हसले, "केव्हा आलास?" म्हणाले, आणि आम्ही प्रवासाची हकीकत सांगू लागताच "बरे झाले, बरे झाले" म्हणत भिंतीकडे पाहू लागले.

आत गेल्यावर काकूंनी हलक्या आवाजात सांगितले, "हल्ली ह्यांचे काही खरे नाही रे. विचारावे एक, तर उत्तर देतात भलतेच. परवा बँकेत साहेबाने काही विचारले, ह्यांनी दुसरेच काही सांगितले. पोराला मेल्याहून मेल्यासारखे झाले." त्या दिवसापासून कपाटाची किल्ली चिरंजीवांकडे गेली होती. घरातल्या सर्वांनी, कोणी उघड न बोलता, एक निदान करून टाकले होते: काकांना म्हातारचळ लागला. सूनबाईंचे दुःख निराळे होते. त्या म्हणाल्या, "मी दारातून हाक मारते तर मान वर करीत नाहीत. माझे काय चुकले ते तरी कळावे."

आम्ही वैद्य नव्हे. पण एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. आम्ही त्यांच्या समोर बसून, तोंडाकडे तोंड करून सावकाश बोललो की उत्तर नीट येई. पाठीमागून किंवा गडबडीत बोललो की ते भलतीकडे जाई. धाकट्या नातीचा बारीक आवाज तर त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. म्हणून रात्री जेवणे झाल्यावर एका कागदावर त्यांच्याच वर्गातले, काळ-काम-वेगाचे एक जुने उदाहरण लिहून त्यांच्यापुढे ठेवले. काकांनी चष्मा लावला, पेन्सिल मागितली आणि दोन मिनिटांत उत्तर लिहून कागद परत केला. खाली आणखी एक ओळ लिहिली होती: "मघापासून नुसते ओठ का हलवीत होतास?" आमच्याबरोबर काकूंनीही ती वाचली. नंतर बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत.

बहुतेक घरांतून हीच चूक होते, म्हणून तिच्या कारणाविषयी थोडे लिहितो. वार्धक्यातले बाधिर्य आवाज एकदम बंद करीत नाही. ते वरच्या पट्टीपासून सुरू होते. कानाच्या आत, गोगलगायीच्या शंखासारखी जी नळी आहे, तीतील सूक्ष्म केशपेशी वयाबरोबर झिजतात, आणि प्रथम झिजतात त्या उंच स्वरांच्या. आता आपल्या भाषेत स्वरांचा घोष खालच्या पट्टीत असतो, आणि स, श, फ, थ, ठ ह्या व्यंजनांचा फुत्कार वरच्या पट्टीत. त्यामुळे अशा माणसाला बोलण्याचा आवाज ऐकू येतो, पण अक्षरे कळत नाहीत. "सात" म्हटले काय आणि "आठ" म्हटले काय, त्याच्या कानात मधला "आ" तेवढा शिरतो. मग तो अंदाजाने उत्तर देतो. अंदाज चुकला की लोक हसतात. दोन-चारदा हसले की तो बोलणेच सोडून देतो. आपण आवाज चढवितो, तेव्हा चढतात ते स्वरच. व्यंजने होती तेथेच राहतात, आणि म्हाताऱ्याला वाटते की घरातले सर्वजण आपल्यावर ओरडू लागले आहेत.

ह्या एकटेपणाचा बुद्धीवर काय परिणाम होतो, ह्याचाही अभ्यास झाला आहे. "लॅन्सेट" ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७, २०२० आणि २०२४ ह्या तिन्ही वेळच्या अहवालांत स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत बहिरेपणाची गणना केली. बहिरा तो विसराळू होणारच असा ह्याचा अर्थ नव्हे. पण ज्या घरात बहिरेपणालाच वेडेपणा समजून माणसाला कोपऱ्यात बसवितात, त्या घराने हे वाचून ठेवावे.

असो. निदान झाले, आता उपाय. आमच्या पुतण्याने ताबडतोब आपल्या फोनवरून "कानाचे मशीन" मागविले. सातशे रुपयांची ती वस्तू तिसऱ्या दिवशी दारात आली. खोक्यावर एका हसऱ्या वृद्धाचे चित्र होते. काकांनी ते कानात घातले मात्र, आणि स्वयंपाकघरात ताटली पडली. काका दचकून उभे राहिले. पंख्याची घरघर, रस्त्यावरच्या फटफट्या, बायकांच्या बांगड्या, सगळे एकदम अंगावर आले, आणि ज्यासाठी हा खटाटोप, ते नातीचे बोलणे त्या कोलाहलात बुडून गेले. कारण ती वस्तू श्रवणयंत्र नव्हतीच; ती आवाज मोठा करणारी नळी होती. खरे श्रवणयंत्र ज्या पट्टीत जेवढी उणीव तेवढीच भर घालते, आणि मोठा आवाज आला की आपला हात आखडता घेते. त्यासाठी अगोदर कोणत्या पट्टीत किती उणीव आहे हे मोजले पाहिजे. न मोजता घेतलेले यंत्र म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा. काकांचे यंत्र आठवड्याच्या आत टेबलाच्या खणात गेले, आणि वर काका म्हणाले, "यंत्राचाही काही उपयोग नाही, पाहिलेस ना?" सातशे रुपये गेल्याचे आम्हांस वाईट वाटले नाही, काकांचा विश्वास गेला, त्याचे वाटले.

त्यांना मोजणीसाठी कोल्हापूरला नेण्यास पुढे महिना गेला. एस.टी.चा प्रवास, डॉक्टरांची वेळ, काकांची समजूत, सगळेच जमावे लागते. प्रथम डॉक्टरांनी कानात मळ साचला आहे की काय ते पाहिले (वाचकांनीही हे अगोदर पाहावे; कित्येकांचे बाधिर्य तेवढ्यानेच जाते), आणि मग बंद खोलीत बसवून ऑडिओग्राम काढला. उजवा कान ५२ डेसिबेल, डावा ५५. आम्ही विचारले, "म्हणजे बरेच की थोडे?" तेथील बाईंनी जे उत्तर दिले ते आमच्या मनातून अजून जात नाही. त्या म्हणाल्या, "ऐकण्याच्या दृष्टीने बरेच. दाखल्याच्या दृष्टीने काहीच नाही."

त्यांच्या म्हणण्याचा उलगडा असा. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ सालचा जो केंद्रीय कायदा आहे, त्याच्या परिशिष्टात बहिरेपणाची व्याख्या दिली आहे. दोन्ही कानांत, बोलण्याच्या कंपनांच्या पट्ट्यांत, ७० डेसिबेलांची उणीव असेल तो बहिरा. ६० ते ७० असेल तो कमी ऐकू येणारा. ६० च्या खाली जो आहे तो कायद्याच्या दृष्टीने चांगला ऐकतो. ही रेघ नवी नाही. १९९५ च्या कायद्यातही ती साठावरच होती. आता समोर बसलेल्या माणसाचे साधे बोलणे ५० डेसिबेलांची उणीव असलेल्याच्या कानापर्यंत जेमतेम पोचते. जागतिक आरोग्य संघटना तर चांगल्या कानात ३५ डेसिबेलांहून अधिक उणीव झाली की तिला अपंगत्व आणणारे बाधिर्य म्हणते. ३५ आणि ६० ह्यांत पंचविसाचेच अंतर, असे कोणी म्हणू नये. डेसिबेलांची मोजदाद वाणसामानाच्या मोजदादीसारखी नव्हे. दर दहा डेसिबेलांना ध्वनीची शक्ती दसपट होते. हा हिशेब अर्थात आम्हांस काकांनीच करून दाखविला: पंचविसाच्या अंतरात शक्ती तीनशे पटींहून अधिक वाढते. शिवाय ही उणीव ठरविताना निरनिराळ्या पट्ट्यांची सरासरी काढतात. वृद्धाच्या कानात खालच्या पट्ट्या पुष्कळशा शाबूत असतात, वरच्या गेलेल्या असतात. सरासरीत शाबूत पट्टी गेलेलीला झाकून टाकते.

ही रेघ इतकी वर का ठेवली, ह्यालाही कारण आहे, आणि ते लबाडीचे नाही. त्याच कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा दिव्यांगांसाठी राखल्या आहेत, त्यांतील एक टक्का बहिऱ्या व कमी ऐकणाऱ्यांचा. त्या जागांवर खोट्या दाखल्यांची टोळधाड पडू नये म्हणून रेघ कडक हवी, हे आम्हांस मान्य आहे. पण काकांना नोकरी नको आहे. त्यांना नातीचे बोलणे ऐकायचे आहे. नोकरीच्या दाराला जे कुलूप लावले तेच उपचाराच्या दारालाही लावून ठेवले, ही आमची तक्रार आहे. एका रेघेने दोन निरनिराळी कामे करू पाहिली की एक काम बिघडते.

पैशाची मदत ह्या दाखल्याशी कशी जखडली आहे ते पाहा. दिव्यांगांना साधने देण्याची केंद्र सरकारची "एडिप" नावाची योजना १९८१ पासून चालू आहे, आणि तिच्यातून कानपूरच्या सरकारी कारखान्याची, म्हणजे "अ‍ॅलिम्को"ची श्रवणयंत्रे दिली जातात. योजना चांगली आहे. २०२२ च्या सुधारणेनुसार महिन्याचे उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास साधन पूर्ण फुकट, ३०,००० पर्यंत असल्यास अर्ध्या किमतीत. पण पहिली अट चाळीस टक्के अपंगत्वाच्या दाखल्याची. काकांकडे तो नाही आणि मिळणारही नाही. दुसरी "राष्ट्रीय वयोश्री योजना", २०१७ ची. ती साठीपुढच्या वृद्धांसाठीच काढलेली असून तीत काठी, चष्मा, दातांची कवळी ह्यांच्याबरोबर श्रवणयंत्रही आहे. तेथे वयामुळे आलेली उणीव पुरते, पण माणूस दारिद्र्यरेषेखालचा किंवा अगदी अल्प उत्पन्नाचा पाहिजे. तिसरी आपल्या राज्याची, २०२४ ची "मुख्यमंत्री वयोश्री योजना": ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या वृद्धाच्या खात्यात एकदाच तीन हजार रुपये जमा होतात. चष्म्याला ते पुरतील, काठीला उरतील. मोजून बसविलेल्या श्रवणयंत्राला मात्र तीन हजारांत काय येते, हे कोणत्याही दुकानात विचारून पाहावे. शिवाय ही योजना महाराष्ट्राची. आमची आत्या हाकेच्या अंतरावर संकेश्वरात दिली आहे. तिचेही कान गेले आहेत; पण मध्ये कर्नाटकाची हद्द आहे, तेव्हा तिला तेही नाहीत.

काका सेवानिवृत्त शिक्षक. त्यांचे निवृत्तिवेतन तीस हजारांच्या थोडे वर. म्हणजे कानांनी ते पुरेसे बहिरे नाहीत, आणि खिशाने पुरेसे गरीब नाहीत. ह्या मासिकाचे वाचक ज्या घरांत राहतात, त्यांपैकी बहुतेक घरांतली वडीलधारी माणसे ह्याच पट्ट्यात मोडतात. गरिबांचे काढून आम्हांस द्या असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ज्याच्यापाशी निवृत्तिवेतन नाही असा ५५ डेसिबेलांचा शेतमजूर तर काकांहून वाईट स्थितीत आहे. त्यालाही एडिपचे दार बंदच आहे.

आता यंत्राच्या कायद्याकडे वळू. पूर्वी श्रवणयंत्र कोणी बनवावे, कोणी आणावे, ह्यावर औषध खात्याचे बंधन नव्हते. ११ फेब्रुवारी २०२० च्या अधिसूचनेने सर्व वैद्यकीय उपकरणे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणली, आणि त्या वर्षाच्या १ एप्रिलपासून कानामागचे यंत्र कायद्याच्या भाषेत "औषध" झाले. काका ह्यावर म्हणाले, "जेवणाआधी घ्यायचे की नंतर?" पुढे कमी धोक्याच्या उपकरणांना १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि अधिक धोक्याच्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून परवान्याची पद्धत सक्तीची झाली. विकणाऱ्यालाही अन्न व औषध प्रशासनाकडे नोंदणी करावी लागते. हे सर्व आम्हांस पसंत आहे. कानाच्या पडद्यापासून बोटभर अंतरावर जी वस्तू दिवसभर मोठा आवाज सोडणार, ती कोणीही कशीही बनवावी हे योग्य नव्हते. पण सातशेची नळी तरीही घरपोच आलीच. परवान्याने प्रामाणिक कारखानदाराचा खर्च वाढला आणि अप्रामाणिकाचा माल तसाच येत राहिला, तर तो कायदा निम्माच झाला म्हणावयाचा.

किमतीविषयी सरकारने अगदीच काही केले नाही असे नाही. श्रवणयंत्रावर वस्तू व सेवा कर नाही, आणि २०१८ पासून ते बनविण्याच्या सुट्या भागांवरचाही काढला. तसेच एप्रिल २०२० पासून कोणत्याही वैद्यकीय उपकरणाची छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढविता येत नाही. परंतु मुळातली किंमत काय असावी ह्यावर बंधन नाही. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या स्टेंटची कमाल किंमत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये ठरवून दिली, गुडघ्याच्या सांध्याची त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. कानाची पाळी अद्याप आलेली नाही. जगातील श्रवणयंत्रांच्या व्यापाराचा फार मोठा हिस्सा पाच कंपनीसमूहांच्या हाती आहे. साधे डिजिटल यंत्र काही हजारांत मिळते, उंची यंत्राला एका कानाचे लाखावर पडतात, आणि ह्या दोहोंमध्ये नेमका फरक काय हे दुकानदार सांगेल तेवढेच आपल्याला कळते. कोल्हापुराहून परतताना आम्ही वाटेत एका दुकानात डोकावलो. तेथील गृहस्थाने काकांचा ऑडिओग्राम उघडूनही पाहिला नाही, "शिक्षक होते का? मग हे घ्या, ह्यांना शोभेल," म्हणून ऐंशी हजारांचे यंत्र पुढे केले. काकांना शोभा नको होती. आम्ही उठलो.

आमचा एक भाचा अमेरिकेत न्यू जर्सीत असतो. त्याने हे ऐकून पत्र लिहिले की, "इकडे औषधाच्या दुकानात यंत्र मिळते, चिठ्ठी लागत नाही, येताना आणतो." ह्या पत्राचा इतिहास वाचकांना उद्बोधक वाटेल. अमेरिकेत १९७७ च्या नियमाप्रमाणे यंत्र विकण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी, निदान ती नको असल्याची सही, आवश्यक होती. तेथे जोडीची किंमत चार हजार डॉलरांच्या वर गेली, आणि वृद्धांचा जो सरकारी आरोग्यविमा आहे तो श्रवणयंत्राचा खर्च देत नाही. तेव्हा २०१७ मध्ये दोन्ही पक्षांच्या सभासदांनी मिळून कायदा केला, आणि १७ ऑक्टोबर २०२२ पासून अठरा वर्षांवरील ज्या माणसाला आपणांस सौम्य किंवा मध्यम बाधिर्य आहे असे वाटते, त्याला चिठ्ठीवाचून यंत्र घेण्याची मोकळीक मिळाली. ही मोकळीक सरसकट नाही. अशा यंत्राचा आवाज १११ डेसिबेलांच्या वर जाता कामा नये, आवाज आपोआप दाबण्याची सोय असल्यास ११७ च्या. कोणती लक्षणे दिसल्यास डॉक्टरकडे जावे ते खोक्यावर छापलेच पाहिजे. सप्टेंबर २०२४ मध्ये तर गाणी ऐकावयाच्या "अ‍ॅपल"च्या इअरफोनांना श्रवणयंत्राचे काम करण्याची तेथे परवानगी मिळाली. इंग्लंडने ह्याच्या अगदी उलट मार्ग धरला: १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हापासून तेथे मोजणी आणि यंत्र दोन्ही फुकट, मग कानाची उणीव कागदावर कोणत्याही नावाची असो.

आपल्याकडे चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या यंत्राचा असा वेगळा वर्ग नियमांत केलेला नाही. तो करावा काय? आमचे मत असे की करावा, कारण खोक्यावर आवाजाची मर्यादा आणि धोक्याच्या सूचना आल्या, म्हणजे सातशेच्या नळीला निदान एक मापदंड लागेल. परंतु तेवढ्याने आमच्या काकांचे काम झाले असते असे आम्हांस वाटत नाही. भाच्याने सांगितलेले यंत्र फोनवरून जुळवावे लागते, आणि ती जुळवणी इंग्रजीत. यंत्र मिळणे आणि ते लागू पडणे ह्यांच्यामध्ये एक माणूस लागतो. त्याने कान मोजावा, साचा घ्यावा, यंत्र बसवावे, आणि पंधरा दिवसांनी "काय त्रास होतो?" म्हणून विचारून ते पुन्हा जुळवावे. असा माणूस १९९२ च्या कायद्याप्रमाणे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला हवा. म्हैसूरची संस्था आणि मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था असे लोक तयार करतात. पण ते शिकून मोठ्या शहरांत राहतात, तालुक्याला येत नाहीत, ह्यात त्यांचाही दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२४ मध्ये ह्यावर जी सूचना केली ती आमच्या मते सर्वांत व्यवहार्य आहे: जेथे तज्ज्ञ नाहीत तेथे प्रौढांचे कान मोजण्याचे आणि यंत्र बसविण्याचे काम शिकवून तयार केलेल्या इतर कर्मचाऱ्यांकडे द्यावे. गडहिंग्लजला उपजिल्हा रुग्णालय आहे. तेथल्या एखाद्या परिचारिकेला हे शिकविले, आणि एडिपच्या मदतीपुरती साठाची रेघ खाली आणली, तर तालुक्यातल्या कित्येक ओसऱ्यांवरचे मौन सुटेल. ह्याला नवा कायदा लागत नाही. नोकरीसाठी साठ आणि यंत्रासाठी पस्तीस, एवढा भेद योजनेच्या नियमांत केला म्हणजे पुरे.

तोवर ज्यांना स्वतःच्या खर्चाने घ्यावे लागणार त्यांच्यासाठी काकांच्या अनुभवातून दोन-तीन गोष्टी. यंत्र घेण्यापूर्वी ऑडिओग्रामचा कागद हातात घ्यावा व तो स्वतःजवळच ठेवावा. जुळवणी करून देणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारावा. ह्यात संकोच नको. काही दिवस वापरून पाहण्याची मुभा मिळेल काय, आणि पुढच्या जुळवण्या किमतीत धरल्या आहेत काय, हे पैसे देण्यापूर्वी लेखी घ्यावे. बॅटरीच्या पाठीवरचा रंगीत कागद वापरण्याच्या वेळीच काढावा. तो काढल्यावर हवा लागून ती खर्ची पडू लागते, मग यंत्र चालू असो वा नसो. आणि पहिले चार-सहा आठवडे धीर धरावा. वर्षानुवर्षे न ऐकलेले आवाज मेंदूला पुन्हा ओळखून घ्यावे लागतात. सुरुवातीला दिवसातून एक-दोन तास, शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलून सवय करावी. आमच्याकडे हे काम धाकट्या नातीने केले. ती रोज संध्याकाळी काकांना पाढे म्हणून दाखवी. एकोणतिसाचा पाढा तिला येत नसे. तेथे ती आवाज बारीक करून पुटपुटे. पूर्वी ते चालून जाई.

काकांना शेवटी कोल्हापुरातूनच, रीतसर मोजून, साधे डिजिटल यंत्र घेतले. दोन कानांचे छत्तीस हजार पडले. तीन भावांत ते वाटून घेतले, म्हणून जमले. ज्या घरात वाटून घेण्यास तीन भाऊ नाहीत तेथे काय करीत असतील, हा विचार त्या दिवशी घरात सर्वांच्याच मनात आला. दोनदा जुळवणीसाठी पुन्हा जावे लागले. दिवाळीत काकूंचा फोन आला. म्हणाल्या, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक फार होते म्हणून त्यांनी ते उतरवून आतल्या खोलीत नेले आहे. कुकरच्या शिट्ट्या मोजतात, आणि तीन झाल्या की "अहो, गॅस बंद करा" म्हणून ओसरीवरून ओरडतात. एकोणतिसाचा पाढा रोज चुकतो म्हणून नातीला दहादा लिहावयास लावला आहे. आणि पाडव्याच्या दिवशी सकाळी, सर्वजण ओवाळणीला बसले असता, त्यांनी चिरंजीवांपुढे हात केला आणि कपाटाची किल्ली परत मागितली.